१२८ म्हणजे अर्धा उजेड नव्हे

संगणकावरच्या चित्रात काळ्याचा आकडा ० आणि पांढऱ्याचा २५५. दोहोंच्या मधोमध १२८. तेव्हा १२८ आकड्याचा करडा ठिपका पडद्यावर पांढऱ्याच्या निम्मा उजेड टाकत असणार, असे कोणीही म्हणेल. ते खरे की खोटे हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. चित्र काढायच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट घ्या आणि तिच्यात एक ओळ काळी, एक ओळ पांढरी अशा एकेका पिक्सेलच्या आडव्या रेघा भरा. तिच्या एका बाजूला १२८ आकड्याची आणि दुसऱ्या बाजूला १८८ आकड्याची सपाट करडी चौकट ठेवा. चित्र मूळ आकारातच दिसत आहे, लहानमोठे झालेले नाही, एवढी खात्री करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. रेघा एकमेकींत मिसळून एकच करडी छटा दिसू लागेल. त्या चौकटीतून किती उजेड बाहेर पडतो याबद्दल वाद होऊ शकत नाही: निम्म्या ओळी पूर्ण पेटलेल्या, निम्म्या पूर्ण विझलेल्या, म्हणजे पांढऱ्या चौकटीच्या निम्मा. आणि ही छटा जुळते ती १८८ च्या चौकटीशी. १२८ ची चौकट तिच्यापुढे सरळसरळ काळवंडलेली दिसते. प्रकाशमापक लावला तर प्रमाण पाळणाऱ्या पडद्यावर तिचा उजेड पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के भरतो.

या प्रकरणात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. चित्राच्या फाइलमधले आकडे ही उजेडाची एका विशिष्ट लिपीत केलेली नोंद आहे. ते उजेडाचे माप नाही. ती लिपी चांगली आहे, विचारपूर्वक ठरवलेली आहे आणि ती मोडीत काढण्याचे काही कारण नाही. पण जे सॉफ्टवेअर ती न वाचता तिच्यातल्या आकड्यांची थेट बेरीज करते, सरासरी काढते किंवा त्यांना कशाने तरी गुणते, ते उजेडाचा हिशेब चुकवते. ही चूक बारीकसारीक नाही. ती डोळ्यांना दिसते, मोजता येते, आणि तरीही जगातल्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे नांदत आली आहे.

आधी ही लिपी का लागली ते पाहू. अंधाऱ्या देव्हाऱ्यात एक समई तेवत असताना शेजारी दुसरी लावली, तर उजेड वाढल्याचे लगेच जाणवते. तीच दुसरी समई भर दुपारी अंगणात लावली तर ती पेटली आहे की नाही हे वाकून बघावे लागते. दोन्ही वेळा वाढलेला उजेड तेवढाच असतो, पण डोळा वाढीचा आकडा मोजत नाही. आधी जेवढे होते त्याच्या किती पट झाले ते मोजतो. अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली वजनांच्या बाबतीत असेच काहीसे दाखवले होते, गुस्ताव फेखनर यांनी १८६० मध्ये त्याला गणिती रूप दिले. ताऱ्यांच्या प्रती ठरवताना प्राचीन निरीक्षकांनीही नकळत हेच केले होते. डोळ्यांना सारख्या अंतराने फिके वाटणारे तारे त्यांनी पहिली प्रत, दुसरी प्रत असे लावले. नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८५६ साली त्याला नेमके माप दिले: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक. (हेच पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले.) आता प्रश्न असा की, दुसऱ्या प्रतीचे दोन तारे एकमेकांना अगदी चिकटून आले आणि एकच दिसू लागले, तर त्यांची मिळून प्रत किती? कोणताही खगोलशास्त्रज्ञ दोन अधिक दोन चार म्हणणार नाही, कारण चौथी प्रत म्हणजे तर आणखी फिका तारा. तो प्रतीचे तेजात रूपांतर करील, तेजाची बेरीज करील आणि उत्तर पुन्हा प्रतीत आणील. ते उत्तर सुमारे १.२५ येते. गणेशोत्सवाच्या बातम्यांमुळे घरोघरी पोचलेल्या डेसिबलचेही तसेच आहे. ६० डेसिबलचे दोन वेगवेगळे आवाज एकत्र आले तर ६३ होतात, १२० नव्हे. प्रत, डेसिबल आणि पिक्सेलचा आकडा ही तिन्ही एकाच जातीची मापे आहेत. इंद्रियाच्या सोयीने आखलेली, म्हणून बेरजेला गैरसोयीची.

साठवणीच्या दृष्टीने मात्र अशा मापाचा फायदा फार मोठा आहे. लगतच्या दोन छटांच्या उजेडात साधारण एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर डोळ्याला त्यांच्यामधली कड दिसू शकते. आकाशाच्या सलग निळाईत पट्टे पडलेले दिसतात ते यामुळेच. समजा, आपल्याला सर्वांत काळोख्या छटेपासून १०० पट उजळ छटेपर्यंतचा पल्ला गाठायचा आहे. उजेड सरळ प्रमाणात नोंदवायचा ठरवले, म्हणजे दुप्पट उजेडाला दुप्पट आकडा, तर काळोख्या टोकाला एक टक्क्याची पायरी मिळावी म्हणून सगळीकडे तेवढीच बारीक पायरी ठेवावी लागते आणि पायऱ्या दहा हजारांच्या घरात जातात. त्यासाठी १४ बिट लागतात. त्याऐवजी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एक टक्का उजळ अशी रचना केली, तर सुमारे ४६३ पायऱ्यांत तोच पल्ला पार होतो आणि ९ बिट पुरतात. आपल्या नेहमीच्या फोटोत प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. इतक्या थोड्या पायऱ्यांत काम भागते ते केवळ त्या डोळ्याच्या चालीने मांडल्यामुळे. त्या सरळ प्रमाणात मांडल्या असत्या तर काय झाले असते, याचा हिशेब करता येतो. सरळ मोजणीच्या पहिल्या चार पायऱ्या आजच्या लिपीत लिहिल्या तर ०, १३, २२, २८ अशा पडतात. म्हणजे काळ्यानंतरच्या बारा छटा नाहीशाच. साडीच्या काळ्या घडीतला पोत, सावलीतला चेहरा, संध्याकाळचे झाड, सगळे तिथेच बुडाले असते.

ही लिपी जन्मली मात्र डोळ्यासाठी नव्हे. ती जन्मली टीव्हीच्या जुन्या काचेच्या नळीतून. त्या नळीत मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनची बंदूक असते. तिला दिलेला विद्युतदाब दुप्पट केला की झोताचा प्रवाह दुप्पट होत नाही, साधारण अडीचच्या घाताने वाढतो. पडद्यावरच्या चमकणाऱ्या लेपामुळे हे होते असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. ते चुकीचे आहे. लेपाचे वागणे बरेचसे सरळ असते, वक्रता येते ती बंदुकीच्या भौतिकीतून. हा घातांक दाखवण्यासाठी छायाचित्रणाच्या शास्त्रातून गॅमा हे ग्रीक अक्षर उसने घेतले गेले. टीव्हीच्या अभियंत्यांपुढे प्रश्न होता की हा वाकडेपणा सरळ कुठे करायचा. लाखो घरांतल्या प्रत्येक संचात त्यासाठी वेगळी जोडणी घालायची, की प्रक्षेपण केंद्रातच एकदा उलटा वाक देऊन संदेश पाठवायचा? दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त. म्हणून केंद्रातच संदेश उलटा वाकवला गेला आणि त्या क्रियेला गॅमा करेक्शन हे नाव पडले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा घराघरांत आलेले संचही याच तत्त्वावर चालत होते.

नावातल्या ‘करेक्शन’ या शब्दाने पुढे बराच घोटाळा केला. यंत्रातला दोष झाकण्यासाठी केलेली ही तडजोड आहे, आणि यंत्र बदलले की तिची गरज संपली, असे त्यातून वाटते. आक्षेपही नेमका हाच घेतला जातो: काचेच्या नळ्या भंगारात गेल्या, आता मोबाइलपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे एलसीडी आणि ओएलईडी, मग हा वाक कशाला वाहायचा? उत्तर असे की नळीचा वाक आणि डोळ्याचा वाक योगायोगाने जवळजवळ एकमेकांचे उलटे निघाले. उजेडाच्या मानाने उजळपणाची जाणीव जशी हळूहळू वाढते, साधारण तशाच चालीने टीव्हीचा संदेश आधीच दाबलेला होता. केबलमध्ये मिसळणारा खरखराटही त्यामुळे काळोख्या छटांत कमी उठून दिसायचा. नळी गेली, डोळा कुठे जाणार? २५६ पायऱ्या पुरवून वापरायच्या तर वाक हवाच. म्हणून १९९६ साली ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी संगणकांसाठी एसआरजीबी ही रंगलिपी सुचवली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण बनली, तेव्हा त्यांनी वाक काढला नाही, नेमका लिहून ठेवला. आकड्याला २५५ ने भागायचे, उत्तर ०.०४०४५ किंवा त्याहून कमी असेल तर १२.९२ ने भागायचे. जास्त असेल तर त्यात ०.०५५ मिळवून, १.०५५ ने भागून, २.४ चा घात घ्यायचा. जे मिळते तो उजेड. सगळा वाक मिळून साधारण २.२ च्या घातासारखा पडतो. १२८ चे २१.६ टक्के आणि १८८ चे ५० टक्के येतात ते या सूत्राने.

आकडा म्हणजे उजेड नव्हे याचा आणखी एक पुरावा याच काळातला आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकांवर हा घात १.८ धरला जाई, विंडोजवर २.२ च्या आसपास. फाइल तीच, १२८ हा आकडाही तोच. पण मॅकवर त्याचा उजेड सुमारे २९ टक्के आणि विंडोजवर २२. मॅकवर तयार केलेले चित्र दुसरीकडे उघडले की काळपट दिसायचे. ॲपलने २००९ साली आपला घात २.२ केला तेव्हा हा फरक मिटला. आकड्यात स्वतःचा असा उजेड असता तर हे घडायला वावच नव्हता.

आता चुकीकडे येऊ. उजेडाचा स्वभाव सरळ आहे: दोन दिव्यांचा उजेड एका जागी पडला की त्यांची बेरीज होते. कॅमेऱ्याचा सेन्सरही याच हिशेबाने चालतो. दुप्पट प्रकाशकण आले की दुप्पट मोजतो. म्हणजे चित्राच्या प्रवासाच्या सुरुवातीला सरळ मोजमाप, शेवटी पडद्यातून निघणारा खराखुरा उजेड, आणि मधल्या साठवणीत वाकवलेले आकडे. या मधल्या मुक्कामावर चित्राला कोणी हात लावला नाही तर काहीच बिघडत नाही. पण चित्र लहान करणे, धूसर करणे, एका चित्रावर दुसरे अर्धपारदर्शक ठेवणे, त्रिमितीय दृश्यात दिवे लावणे, या सगळ्या क्रिया म्हणजे उजेडाच्या बेरजा आणि सरासऱ्या आहेत. त्या वाकवलेल्या आकड्यांवर केल्या की उत्तर चुकते, आणि सरासरीत ते नेहमी एकाच दिशेला चुकते: काळोखाकडे.

चित्र लहान करण्याचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या रात्री इमारतीवर सोडलेल्या बारीक दिव्यांच्या माळेचा फोटो आहे. काळ्या पार्श्वभूमीवर एकेक पिक्सेलचे पांढरे ठिपके. फोटो निम्म्या रुंदी-उंचीचा करायचा म्हणजे चार पिक्सेलांचा एक करायचा. चारांतला एक पेटलेला, तीन विझलेले, तेव्हा नव्या पिक्सेलमध्ये २५ टक्के उजेड हवा, आणि त्याचा आकडा आहे १३७. वाकवलेल्या आकड्यांची सरासरी काढणारे सॉफ्टवेअर मात्र २५५ भागिले ४ म्हणून ६४ लिहिते. ६४ चा उजेड ५ टक्के. प्रत्येक दिव्याचा पाचांतले चार हिस्से उजेड हवेत विरला, आणि तो कोणी विझवला हे फोटो बघणाऱ्याला कधी कळत नाही. उलट उजळ आकाशावरच्या विजेच्या तारा जाड आणि काळ्या होतात: चारांतले तीन पिक्सेल पांढरे, एक काळा, तर उजेड ७५ टक्के हवा; भोळी सरासरी १९१ देते आणि उजेड ५२ टक्क्यांवर येतो. रंगांत तर विचित्रच प्रकार होतो. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा शेजारी ठेवून त्यांची हद्द धूसर केली की मधे एक मळकट, काळपट पट्टा उमटतो. डोळ्याला जाणवणाऱ्या एकूण तेजात लालाचा वाटा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ टक्के. दोहोंच्या मिश्रणाचे तेज यांच्या मधे, म्हणजे ४६ च्या आसपास असायला हवे. आकड्यांच्या सरासरीने तयार झालेला मधला रंग मात्र २० टक्केच तेजाचा निघतो, दोन्ही टोकांहून कमी. दोन रंगीत दिव्यांचे झोत एकमेकांत मिसळताना मधेच अंधार पडल्याचे कोणी कधी पाहिलेले नाही.

तरीही ही चूक इतकी वर्षे टिकली कशी? याचे सर्वांत बोलके उत्तर व्हिडिओ गेमच्या इतिहासात सापडते. योहान लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये सांगितलेला नियम त्रिमितीय चित्रणाचा पाया आहे: खरखरीत पृष्ठभागावर उजेड जितका तिरपा पडेल तितका तो त्या कोनाच्या कोसाइनने कमी होतो. ६० अंशांच्या तिरपेपणाला तो निम्मा. प्रोग्रॅमरने निम्मा म्हणून १२८ लिहिले आणि पडद्यावर २२ टक्के उमटले. चेंडूची गोलाई काठाकडे फार लवकर काळी झाली. ती काळोखी घालवायला कलाकारांनी सगळीकडे थोडा खोटा उजेड शिंपडला, त्याने सावल्या राखाडी झाल्या. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो हा तर शाळेतला नियम. तो प्रोग्रॅममध्ये घातला की चौथाईचा आकडा ६४ झाला आणि उजेड विसाव्या हिश्श्यावर आला. दिवा दोन पावलांवर विझल्यासारखा दिसू लागला. तेव्हा बऱ्याच प्रोग्रॅमरांनी असे ठरवले की भौतिकीचा नियम पडद्यावर चांगला दिसत नाही, आणि उजेड अंतराच्या वर्गाने न घटवता नुसत्या अंतराने घटवायला सुरुवात केली. अंतर दुप्पट, आकडा निम्मा, १२८. आणि खरोखरच चित्र छान दिसले, कारण १२८ चा उजेड २२ टक्के, म्हणजे जवळजवळ चौथाईच! एक चूक दुसऱ्या चुकीने फिटली होती. पण ती फिटली एकाच दिव्यापुरती. दोन दिवे एकाच भिंतीवर पडले की ठिगळ उसवते. प्रत्येक दिव्याचा आकडा १२८. भोळी बेरीज २५५, लख्ख पांढरी. खरी बेरीज २१.६ अधिक २१.६ म्हणजे ४३ टक्के, आणि तिचा आकडा १७६. भिंत जिथे मध्यम उजळायची तिथे ती जळून गेल्यासारखी पांढरीफटक होते. मग दिव्यांची तीव्रता कमी करा, मग कोपरे काळे पडतात, मग पुन्हा खोटा उजेड. एकेका दृश्यावर असे जोडकाम करण्यात माणसांच्या किती संध्याकाळी गेल्या असतील! २००७ साली ‘जीपीयू जेम्स ३’ या ग्रंथात युजीन दयॉन आणि लॅरी ग्रिट्झ यांनी या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहून प्रोग्रॅमरांना हेच समजावले की हिशेब रेषीय अवकाशात करा. रेषीय अवकाश म्हणजे आकडा आणि उजेड सरळ प्रमाणात असलेली मांडणी: फाइलमधला आकडा आधी उजेडात उलगडायचा, सगळे गणित उजेडावर करायचे, आणि पडद्याकडे पाठवताना शेवटी एकदाच पुन्हा वाकवायचे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा होता. एकेका पिक्सेलला घात काढत बसायचे तर यंत्र मंदावणार. तो काही काळ रास्त होता, पण २००६ च्या सुमारास ओपनजीएल या ग्राफिक्सच्या प्रमाणातच एसआरजीबी चित्रे वाचता वाचता उलगडण्याची सोय आली आणि ग्राफिक्स चिप हे काम जवळजवळ फुकट करू लागल्या. दुसरा आक्षेप असा की, रेषीय मांडणीत छटांचे पट्टे पडतात. हे खरे आहे, वरचा ०, १३, २२, २८ चा हिशेब तेच सांगतो. पण तो आक्षेप ८ बिटांत रेषीय आकडे साठवण्यावर आहे, रेषीय हिशेबावर नाही. हिशेबाच्या वेळी आकडे १६ किंवा ३२ बिटांच्या अपूर्णांकांत ठेवायचे असतात. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांसाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने बनवलेला आणि २००३ मध्ये सर्वांना खुला केलेला ओपनईएक्सआर हा फाइलप्रकार याचसाठी आहे. आणि एक पथ्य: सगळेच आकडे उलगडायचे नसतात. पारदर्शकता किती, पृष्ठभाग कोणत्या दिशेला वळलेला आहे, असली माहितीही चित्राच्या फाइलीत भरतात. तो उजेड नाहीच, त्याला वाक दिलेलाच नसतो. तो काढायला गेले की नवीच चूक होते.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची एक सलग पट्टी रेषीय हिशेबाने रंगवली, तर ती सुरुवातीलाच भसकन उजळते आणि उरलेला अर्ध्याहून जास्त भाग पांढुरका राहतो. वाकवलेल्या आकड्यांनी रंगवलेली पट्टी डोळ्याला समान पावलांची वाटते. मग वाकवलेलेच बरे ना? इथे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मान्य केले पाहिजे. पण का, तेही पाहिले पाहिजे. या पट्टीत उजेडाची कुठलीच घटना दाखवायची नसते. तिथे कोणते दिवे मिसळत नाहीत, कोणती वस्तू धूसर होत नाही. डोळ्याला समान वाटणाऱ्या पायऱ्या तेवढ्या हव्या असतात. म्हणजे प्रश्नच जाणिवेचा आहे, आणि जाणिवेच्या प्रश्नाला जाणिवेचे माप वापरणे योग्यच. तरीसुद्धा एसआरजीबी हे त्यासाठी सर्वोत्तम माप नाही; निळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना ते मधेच जांभळट छटा आणते. ब्यर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेले ओकेलॅब हे रंगमाप या कामासाठी जास्त चांगले ठरले आणि आता वेबच्या प्रमाणांतही आले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ओकेलॅबचा हिशेबसुद्धा एसआरजीबीचे आकडे आधी रेषीय करूनच सुरू होतो.

चौथा आक्षेप अक्षरांचा, आणि देवनागरी वाचणाऱ्यांना तो जवळचा वाटायला हवा. पडद्यावर अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून काठावरचे पिक्सेल अर्धवट भरतात. पांढऱ्या कागदावर काळे अक्षर असेल आणि पिक्सेल निम्मा झाकला असेल, तर भोळा हिशेब १२८ देतो, बरोबर हिशेब १८८. बरोबर हिशेबाने काठ उजळ होतात आणि अक्षर किरटे दिसते. क्ष, ज्ञ, द्ध्य यांसारख्या दाटीच्या अक्षरांतल्या बारीक रेघा फिक्या पडतात. काळ्यावर पांढरे अक्षर असेल तर उलट, ते जाडजूड होते. त्यामुळे अक्षरे रंगवणारी बरीच सॉफ्टवेअर मुद्दाम मधला मार्ग काढतात. माझ्या मते यातून रेषीय हिशेब चुकीचा ठरत नाही. पडद्यावरचे फॉन्ट इतकी वर्षे भोळ्या हिशेबाच्या पडद्यावरच पारखले गेले. त्यांची जाडी त्या काळपटपणाला गृहीत धरून ठरली. खेळातल्या एका दिव्याची गोष्ट इथेही लागू आहे. पण वाचकाला आज, आहे त्या फॉन्टमध्ये नीट वाचता आले पाहिजे, हीही गोष्ट खरी. म्हणून अक्षरांच्या बाबतीत तडजोड करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. तडजोड आहे हे माहीत असून केली, एवढेच हवे.

कारण न कळता झालेली तडजोड कशी दिसते, याचा नमुना आपल्या रोजच्या ब्राउझरमध्ये आहे. एसव्हीजी या चित्रभाषेच्या २००१ सालच्या पहिल्या प्रमाणातच असे लिहिले होते की धूसर करण्यासारख्या क्रिया, वेगळे काही सांगितले नसेल तर, रेषीय अवकाशात कराव्यात. तोच धूसरपणा पुढे वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या सोप्या सूचनेतून मिळू लागला तेव्हा तो वाकवलेल्या आकड्यांवर ठेवला गेला. एकाच ब्राउझरमध्ये, एकाच लाल-हिरव्या चित्रावर, एकाच मापाचा धूसरपणा दोन वाटांनी दिला तर एकीकडे मधला पट्टा उजळ पिवळा येतो आणि दुसरीकडे मळका. फोटोशॉपमध्ये रंग रेषीय पद्धतीने मिसळण्याचा पर्याय आहे, पण तो सेटिंगच्या आत शोधावा लागतो. त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर ब्लेंडर दृश्याचा हिशेब रेषीय अवकाशातच करते. चित्रे संपादण्याच्या गिंप या सॉफ्टवेअरच्या २०१८ साली आलेल्या २.१० आवृत्तीत रेषीय की वाकवलेले, हे निवडता येते.

तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर यांतल्या कुठल्या बाजूचे आहे हे कोणाला विचारत बसू नका. सुरुवातीची ती काळ्या-पांढऱ्या रेघांची चौकट उघडा, तिची रुंदी-उंची निम्मी करा आणि जी करडी छटा येईल तिच्यावर रंग ओळखण्याचे साधन टेकवा. १८८ च्या आसपासचा आकडा आला तर त्यावर निर्धास्त काम करा. १२८ आला, तर रात्रीचे फोटो, दिव्यांच्या माळा आणि चांदण्यांची चित्रे त्यात लहान करू नका.